पट घसरला म्हणजे मुलं गेलीच असं नाही

गावच्या शाळांबद्दल 'गुणवत्ता नाही म्हणून पालक सोडून गेले, पट (नोंदलेल्या मुलांची संख्या) घसरला' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. सेमी इंग्रजी आणि दारात येणारी पिवळी गाडी बघून मुलं खाजगी शाळेत हलतात, हे मान्य. पण कागदावरचा पट आणि वर्गात बसलेली मुलं हे दोन वेगळे आकडे असतात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्यातही आधार वैध ठरलेली मुलंच धरली जातात.

मी आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते. २०२२-२३ ला हजेरीपटावर पहिली ते पाचवीची ६३ मुलं होती, रोज येणारी. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. चार मुलांचं आधार जुळलं नाही, पट धरला ५९ आणि तिसरं पद गेलं. त्यातल्या एकीचं जन्मसाल चुकलेलं, एकाच्या नावात वडिलांचं नाव नाही. चौघांचेही पालक वीटभट्टीवर. एक आई दोन दिवसांचा रोज बुडवून लेकीला घेऊन आधार केंद्रावर बसली, पण जन्मदाखलाच नसल्याने दुरुस्ती झाली नाही.

मग दोन बाई, पाच वर्ग. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी ते पाचवी दुसऱ्या खोलीत, त्यात एक बाई शाळेची माहिती भरायला केंद्रशाळेवर गेल्या की सगळे एकत्र. पुढच्या जूनमध्ये नऊ मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले गेले. म्हणजे आमच्याकडे आधी शिक्षक गेला, गुणवत्ता आणि मुलं त्याच्या मागून गेली.