'एक्स्ट्रापोलेशन'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक: जॉन मॅक्लॉफ्लिन या ब्रिटिश गिटारवादकाच्या पहिल्या अल्बमवरील लेख मराठीत आणताना मी शीर्षकापाशीच अडले आहे. जानेवारी १९६९ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमचे नाव 'एक्स्ट्रापोलेशन'. विशेषनाम म्हणून ते तसेच ठेवले असते. परंतु लेखकाने पुढे दोन परिच्छेद त्याच शब्दावर श्लेष केला असल्याने अर्थ द्यावाच लागेल. परिभाषेतला 'बहिर्वेशन' मी घातला, तर संपादकांनी समासात लिहिले, 'हे कोणत्या खात्याचे परिपत्रक?'

गणिताचे निवृत्त शिक्षक: शब्द अचूक आहे. ज्ञात मूल्यांच्या दरम्यानचे मूल्य काढणे ते अंतर्वेशन आणि त्या कक्षेपलीकडचे काढणे ते बहिर्वेशन, ही जोडी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली आहे. कानाला सवय नाही एवढ्यावरून शब्द टाकायचे, तर 'संपादक'ही एके काळी नवाच होता.

सतारीची विद्यार्थिनी: मला 'बढत' सुचते, कारण हाती असलेल्या दोनचार स्वरांतूनच पुढची वाट काढत राग वाढवला जातो. मॅक्लॉफ्लिन यांनी पुढे झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हा गट उभा केला, तेव्हा हा शब्द त्यांना परका नसावा.

जॅझप्रेमी: 'शक्ती' सत्तरच्या दशकातला. येथे गिटार, जॉन सर्मन यांचा सॅक्सोफोन, ब्रायन ऑजर्स यांचा बास आणि टोनी ऑक्स्ली यांचे ड्रम एवढाच सरंजाम आहे. पुढचे मागे ढकलू नये. शिवाय बढत रागाची चौकट सांभाळून होते आणि येथे अर्थच चौकटीबाहेर जाण्याचा आहे. याच अल्बममधल्या 'आर्येन्स बॅग' या रचनेतले अकरा मात्रांचे आवर्तन ऐकावे.

सतारीची विद्यार्थिनी: 'मात्रा' आणि 'आवर्तन' मात्र आपल्याला चालतात! आमचा रुद्र तालही अकरा मात्रांचाच आहे.

जॅझप्रेमी: मात्रा मोजायला हरकत नाही, ताल म्हणायला आहे. ताल म्हटला की सम, टाळी, खाली आणि ठेका हे सारे बिऱ्हाड मागोमाग येते.

गणिताचे निवृत्त शिक्षक: ते असो, पण 'अल्बम' कशासाठी? 'तबकडी' हा चांगला शुद्ध मराठी शब्द असताना?

जुना संग्राहक: 'तबकडी'तले 'तबक' अरबी आहे, फारसीच्या वाटेने आलेले, तेव्हा शुद्धतेचे राहू द्यावे. आमच्या घरी तबकडी म्हणजे ती वस्तू, जी वडील कडांनी धरून मलमलीच्या फडक्याने गोल गोल पुसत आणि आम्हाला हात लावू देत नसत. तिच्यावरच्या रचनांचा संच तो अल्बम. आज फोनवर ऐकणारा कोणती तबकडी लावतो?

गणिताचे निवृत्त शिक्षक: मग 'ध्वनिमुद्रिका' म्हणावे. आमच्याकडे अल्बम लग्नातल्या छायाचित्रांचा असतो.

अनुवादक: शेवटची 'पीस पीस' ही रचना एकट्या अकूस्टिक गिटारवर आहे आणि लेखकाने नेमका तेथे तिसऱ्यांदा श्लेष केला आहे. तूर्त 'बहिर्वेशन' खोडून पेन्सिलीने 'बढत' लिहिले आहे, आणि आता 'अल्बम'खालीही रेघ ओढली आहे.