मक्यावर इमामेक्टिन मारलं, दुसऱ्या दिवशीही लष्करी अळी जिवंत. औषध लागू पडत नाही का?

प्रश्न: मका गुडघाभर आहे. इमामेक्टिन बेंझोएट ५% एसजी १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम घेतलं. पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) अळ्या अजून आहेत. डोस वाढवू का?

उत्तर १: डोस वाढवू नका, लिटरला ०.४ ग्रॅम बरोबर आहे. अळी हलते का हे बघू नका, खाते का ते बघा. हे औषध तिच्या मज्जातंतू-स्नायूंत क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवतं, त्यामुळे स्नायू सैल पडतात. काही तासांत खाणं थांबतं, मरायला मात्र २ ते ४ दिवस लागतात. पोंग्यात ताजी, ओली विष्ठा दिसत नसेल तर काम झालंय.

उत्तर २: अळीचं वयही बघा दादा. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली (लहान) अळी लवकर मरते. मोठी अळी पोंग्यात खोल जाते, वर विष्ठेचा बुच बसतो आणि औषध पोचतच नाही. नोझल थेट पोंग्यात धरा, फवारणी संध्याकाळी करा. उन्हात पानावरचं इमामेक्टिन लवकर विघटित होतं.

उत्तर ३: पुढची फवारणी लागली तर औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं काम करणारं घ्या: क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५% एससी, लिटरला ०.४ मिली. ते स्नायूंतलं कॅल्शियम बाहेर सोडून अळीला लुळी करतं. एकच औषध पुन्हापुन्हा मारलं की प्रतिकारक अळ्याच मागे उरतात. तुरा आल्यावर इमामेक्टिन नकोच, परागासाठी येणाऱ्या मधमाश्यांना ते फार विषारी आहे.