माहिती प्रणालीत पीएच.डी. : संगणकशास्त्र विभागात की व्यवस्थापन विभागात?

प्रश्न – सातारकर_अध्यापिका
नमस्कार. मी एम.सी.ए. असून एका महाविद्यालयात शिकवते. आरोग्य उपकेंद्रांतील नोंदी या विषयावर पीएच.डी. करावी, असा विचार आहे. आरोग्यसेविका एकच नोंद आधी रजिस्टरात हाताने लिहितात आणि नंतर तीच संगणकावर चढवतात, तरीही महिनाअखेरीस दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. हे नेमके का होते, ते मला शोधायचे आहे. एका संगणकशास्त्र विभागात ‘यात नवा अल्गोरिदम कुठे आहे?’ असे विचारले गेले, तर एका व्यवस्थापन विभागात ‘स्वीकृतीच्या मॉडेलवर तीनशे जणींची प्रश्नावली घ्या, प्रबंध होऊन जाईल’ असा सल्ला मिळाला. दोन्ही उत्तरांनी समाधान झाले नाही. या विषयाला खरी जागा कोठे आहे? नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाचे नावही ऐकले आहे. तो मार्ग व्यवहार्य आहे का?

उत्तर – मार्गदर्शक_पुणे
माहिती प्रणाली, म्हणजे संस्थांतील माणसे संगणकीय नोंदी कशा वापरतात याचा अभ्यास, हा विषय दोन विभागांच्या शिवेवरचा असल्याने अशी टोलवाटोलवी होतच राहते. अमेरिकेत तो प्रामुख्याने व्यवस्थापन शाखेत वाढला. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस त्याचा अभ्यासक्रम उभा केला आणि 1977 साली तेथूनच ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे या विषयाचे संशोधन नियतकालिक सुरू झाले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचा एम.सी.एम. हा अभ्यासक्रमही संगणक व्यवस्थापनाचाच होता. त्यामुळे नोंदणी व्यवस्थापन शाखेत करण्यास हरकत नाही. मात्र प्रश्नावलीचा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला सुचवलेले स्वीकृतीचे मॉडेल फ्रेड डेव्हिस यांनी 1989मध्ये मांडले. त्यानुसार, एखादी प्रणाली उपयुक्त आणि वापरण्यास सोपी वाटली, तर माणूस ती वापरण्याकडे झुकतो. वापरावे की न वापरावे हे ठरवण्याची मुभा असेल, तेथे या मांडणीला खरा अर्थ आहे. आरोग्यसेविकेला ती मुभा कोठे असते? नोंद भरली नाही तर मासिक सभेत जाब द्यावा लागतो. अशा स्थितीत ‘आपण ही प्रणाली वापरू इच्छिता का?’ या प्रश्नाला पाचपैकी चार गुण मिळाले काय आणि दोन मिळाले काय, हाती काहीच लागत नाही. आपल्या विद्यापीठांत असे प्रबंध पुष्कळ झाले आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालू नये.

उत्तर – ऑस्लोतील_शोधार्थी
मी येथील इन्फॉर्मेटिक्स (संगणक व माहितीशास्त्र) विभागात संशोधन करतो. या विभागाची परंपरा तुमच्या प्रश्नाच्या जवळची आहे. सिम्युला ही संगणकभाषा घडवणारे क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, ते या भूमिकेतून की कारखान्यात येणारा संगणक कसा असावा, हे ठरवण्यात कामगारालाही वाटा मिळायला हवा. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेत जिल्हा पातळीवरील आरोग्य माहितीचे जे काम सुरू झाले, त्यामागे हाच विचार होता. त्यातून आलेल्या डीएचआयएस (जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली) या कोणालाही विनामूल्य वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीची दुसरी आवृत्ती 2006मध्ये प्रथम केरळात वापरात आली आणि आज ती 70हून अधिक देशांत चालते. येथील संशोधक बहुधा प्रणाली घडवण्याच्या कामात स्वतः सहभागी होऊन तिचा अभ्यास करतो. त्यामुळे क्षेत्रकार्य हा प्रबंधाचा गाभाच असतो आणि ‘अल्गोरिदम कुठे आहे?’ असे येथे कोणी विचारत नाही.

व्यवहाराचे म्हणाल, तर नॉर्वेत पीएच.डी. ही पगारी नोकरी असते. ती साधारण तीन वर्षांची, आणि शिकवण्याचे किंवा विभागाचे अन्य काम असल्यास चार वर्षांची. जागा जाहिरात देऊन भरतात आणि स्पर्धा तीव्र असते. एम.सी.ए.मध्ये लघुप्रबंध झाला नसेल, तर पात्रतेबाबत आधीच लेखी विचारून घ्यावे. पदव्युत्तर अभ्यासक्रमापासून सुरुवात करायची झाल्यास, युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना 2023पासून येथे शुल्क लागू झाले आहे, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर – तालुका_नोंदी
मी विद्यापीठातला नव्हे, तालुक्याच्या ठिकाणी हे अहवाल एकत्र करणारा आहे. आकडे न जुळण्याचे सगळे खापर आरोग्यसेविकेच्या आळसावर फोडले जाते, म्हणून लिहितो. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती होते. सासरची आरोग्यसेविका फोनवर विचारून आपल्या रजिस्टरात ‘माहेरी प्रसूत, मुलगी, 2.6 किलो’ असे लिहून ठेवते, कारण पुढे लसीकरणासाठी ते बाळ तिच्याकडेच येणार असते. महिन्याच्या अहवालात मात्र ते बाळंतपण जेथे झाले तेथेच मोजायचे असते. म्हणजे रजिस्टर बाईच्या मागे जाते आणि अहवाल इमारतीच्या मागे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. शिवाय रेंज नसलेल्या वाडीवर रजिस्टरच हाताशी असते, आणि तपासणीला आलेले साहेब सहीसुद्धा त्यावरच करतात.

सातारकर_अध्यापिका
तालुका_नोंदी, आपण लिहिलेले वाचून माझा प्रश्नच बदलला. नोंदी चुकीच्या का होतात, यापेक्षा एकच बाळंतपण दोन नोंदींत कोणकोणत्या कामासाठी मोजले जाते, हे पाहायला हवे. तूर्त नोकरी सोडणे शक्य नाही. येथेच अंशकालीन नोंदणी करता येईल का?

उत्तर – मार्गदर्शक_पुणे
करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांत अंशकालीन पीएच.डी.ची सोय आहे. त्यासाठी आपल्या महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे असून महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. मुलाखतींवर आधारित संशोधनाला ‘हे शास्त्रीय आहे का?’ असा आक्षेप आलाच, तर क्लाइन आणि मायर्स या संशोधकांनी 1999मध्ये अशा क्षेत्रसंशोधनासाठी मांडलेली सात तत्त्वे आराखड्यात वापरावीत. त्याच वर्षी वॉल्शम आणि साहाय यांचा भारतातील जिल्हा प्रशासनातील भौगोलिक माहिती प्रणालींवरचा लेख ‘एमआयएस क्वार्टर्ली’त आला होता, तोही विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे ठेवण्याजोगा आहे.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याखेरीज रजिस्टरातील एकही पान उतरवून घेऊ नये. मान्यता मिळाल्यावरही मातांची नावे आणि आधार क्रमांक वगळूनच नोंदी घ्याव्यात.