डर्बीशायरच्या चिखलात चालतील आणि पुन्हा तळ लावता येतील असे बूट कोणते घ्यावेत?

बेलपरकर

नमस्कार मंडळी. मी बेलपरला राहतो, नोकरी डर्बीत. सुट्टीच्या दिवशी बायको आणि मी पायवाटा तुडवतो. जवळची शेव्हिनची टेकडी, क्रॉमफर्डचा कालवा, लांब जायचं ठरलं तर डव्हडेल. वाट बहुतेक कुरणांतून जाते. मध्येमध्ये दगडी कुंपणं ओलांडायच्या पायऱ्या असतात आणि ऑक्टोबर ते एप्रिल सगळीकडे चिखलच चिखल.

आजवर नेहमीचे हायकिंग शूज वापरले. दरवेळी तेच होतं. वरचा भाग धडधाकट असतो आणि तळ सुटून येतो. दुरुस्तीला नेले की दुकानदार म्हणतो, तळ साच्यात ओतून चिकटवलाय, याला काही करता येणार नाही. चांगली वस्तू कचऱ्यात टाकायला अगदी जिवावर येतं. म्हणून आता जुन्या पद्धतीने शिवलेले, नॉर्थॅम्प्टनकडचे दणकट कंट्री बूट घ्यायचं मनात आहे. ट्रिकर्सचा स्टो, क्रॉकेट अँड जोन्सचा आयला आणि जोसेफ चीनीचा ट्वीड हे तीन बघून ठेवलेत. चारशे पौंडांपर्यंत तयारी आहे. माझा पाय पंजाशी रुंद आणि टाचेशी बारीक आहे. रबरी तळ डेनाइटचा घ्यावा की कमांडो? पाणी आत येईल का? कुणी खरंच वापरले असतील तर सांगा.

नेनकाठ

बेलपरकर, तुम्ही अगदी माझ्या रोजच्या कामातलं विचारलंत. मी नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका बुटांच्या कारखान्यात वेल्टिंगच्या मशीनवर काम करतो. कोणत्या, ते सांगत नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही नावांपैकी एकही आमचं नाही, एवढं सांगतो.

आधी बांधणी बघू, कारण तुमची खरी तक्रार तिथलीच आहे. आमच्याकडे कातडं कापणारे एका खोलीत, वरचा भाग शिवणारे दुसऱ्या खोलीत, आणि तिथून माल आमच्याकडे येतो. शिवलेला वरचा भाग पायाच्या आकाराच्या साच्यावर, म्हणजे कलबुतावर, ताणून बसवतात. आतल्या तळव्याच्या खालच्या बाजूला कडेने एक उभी कड असते. मी जी शिवण घालतो ती ही कड, वरचं कातडं आणि बाहेरून फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी अशा तिघांना एकत्र धरते. ही पट्टी म्हणजे वेल्ट. मधल्या पोकळीत बुचाचा लगदा भरतात, आणि बाहेरचा तळ दुसऱ्या, वेगळ्या शिवणीने त्या पट्टीला जोडतात. तळाची शिवण वरच्या कातड्याला लागतसुद्धा नाही. तळ झिजला की बाहेरची शिवण कापायची, नवा तळ लावायचा, बूट पुन्हा उभा. या बांधणीला गुडइयर वेल्ट म्हणतात. मशीनला गुडइयरचं नाव आहे ते चार्ल्स गुडइयर ज्युनियरमुळे, १८७१ च्या पेटंटपासून. रबर पक्कं करण्याची रीत शोधणारे ते त्याचे वडील.

कारखान्यात पाठवलात तर बूट पुन्हा त्याच मापाच्या कलबुतावर चढवतात, बुचाचा थर बदलतात, लागलाच तर वेल्टही नवा घालतात. तुमच्या तळपायाच्या ठशाने जुना बूच दबलेला असतो, म्हणून परत आलेला बूट सुरुवातीला थोडा परका वाटतो. घाबरू नका, बसतो.

आता तळ. डेनाइट जवळच मार्केट हारबरोला बनतो, हारबरो रबर कंपनीत. त्याच्या गोल गुंड्या तळाच्या कडेच्या आत बसवलेल्या असतात, त्यामुळे बाजूने बघणाऱ्याला तो साधा तळ वाटतो आणि ऑफिसात शोभतो. चिखल त्याला फारसा धरून राहत नाही, पण गुंड्या उथळ असल्यामुळे ओल्या गवताच्या उतारावर तो घसरतो. कमांडोचे दात खोल असतात. उतारावर पकड उत्तम, मात्र घरी आल्यावर पायपुसण्यावर अर्धं शेत सांडतं. तुमचं वर्णन वाचून मी डोळे झाकून कमांडो म्हणेन. एक मात्र लक्षात ठेवा. डव्हडेलकडचा दगड चुनखडीचा आहे. पायऱ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गेल्याने तो आरशासारखा गुळगुळीत झालाय, आणि ओला असला की त्यावर कुठलंच रबर भरवशाचं नाही. तिथे हात टेकूनच उतरा. उत्तरेकडचा वालुकाश्म खरबरीत आहे, त्यावर दोन्ही तळ चालतात.

चामड्याचा तळ शेतासाठी घेऊ नका, कितीही सुंदर दिसला तरी. डेव्हनमध्ये कॉलिटनला बेकरांची टॅनरी आहे, तिथे ओकच्या सालीत कातडं वर्षभराहून जास्त काळ मुरवतात. आपल्याकडे कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत कमावतात, त्याच कुळातलं हे काम. तो तळ हातात घेतला की ठेवू नयेसा वाटतो. पण त्याची जागा कोरड्या फरसबंदीवर.

पाणी. खरं सांगायचं तर वेल्टचा बूट जलरोधक नसतो. शिवणीला भोकं असतात आणि भोकातून पाणी येतं. स्टॉर्म वेल्ट असेल, म्हणजे पट्टीची आतली कड वर उचलून कातड्याला चिकटलेली असेल, तर पाणी बरंच अडतं. जीभ दोन्ही बाजूंनी शिवून घेतलेली आहे का ते दुकानात बोटाने चाचपून बघा, नाहीतर लेसच्या खालून ओल शिरते. याहून पुढे जायचं असेल तर वेल्डशून नावाची बांधणी आहे. तिच्यात वरचं कातडं आत न वळवता बाहेर पसरवून थेट तळावर शिवतात, त्यामुळे पाण्याला आत यायला वाटच फार कमी उरते. चीनींचा पेनाइन असा आहे. जड आहे, आणि दिसायला फौजी. मला तो फार आवडतो.

नावांबद्दल. तुम्ही निवडलेले तिन्ही ब्रोग आहेत, कातड्यावर भोकांची नक्षी असलेले. नक्षीच्या खाली अस्तर असतं, पाणी तिथून सरळ आत येत नाही. पण चिखल त्या भोकांत आणि कातड्याच्या दुहेरी कडांमध्ये जाऊन बसतो आणि दरवेळी ब्रशने उकरावा लागतो. तुमच्यासारख्या वापराला मी साधा, सपाट पुढा असलेला बूट सांगेन. ट्रिकर्सचाच बर्फर्ड बघा. स्टोचा भाऊच, फक्त नक्षी नाही. क्रॉकेटचा कॉनिस्टनही चांगला, त्याला बोटांवर एक आडवी टोपी आहे, बस्स.

आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे माप. नाव कुठलंही असो, कलबूत तुमच्या पायाचं नसेल तर पैसे पाण्यात. स्टोचा ४४९७ नंबरचा साचा पंजाशी ऐसपैस आहे. ट्रिकर्समध्ये ५ ही नेहमीची रुंदी, ६ म्हणजे रुंद. जोसेफ चीनी आणि केटरिंगची ‘लोक बंधू’ (Loake) ही कंपनी रुंदी अक्षरांत सांगतात. एफ नेहमीची, जी रुंद. लांबी वाढवून रुंदी मिळवायची हा मार्ग अजिबात धरू नका. बूट लांब झाला की तो वाकतो एकीकडे आणि तुमचा पाय वाकतो दुसरीकडे, आणि सुरकुती नेमकी बोटांवर येऊन टोचते. दुपारनंतर जा, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो. नेहमीचे जाड लोकरी मोजे बरोबर न्या. पायाचा सगळ्यात रुंद भाग बुटाच्या सगळ्यात रुंद भागात बसला पाहिजे. नवा तळ ताठ असल्यामुळे टाच सुरुवातीला जराशी उचलली जाईल, ते चालतं. करंगळीला चिमटा बसत असेल तर दुकानदार काहीही म्हणो, काढून ठेवा.

वेन्स्लीडेल

नेनकाठ यांनी इतकं सविस्तर लिहिलंय की जपून ठेवलं. माझा एक मुद्दा थोडा उलटा आहे.

मी यॉर्कशायर डेल्समध्ये जनावरांच्या दवाखान्यात काम करते, दिवसातला बराच वेळ गोठ्यांत जातो. बेलपरकर, तुमच्या वाटा दुभत्या गायींच्या कुरणांतून जात असतील तर फाटकाजवळचा चिखल हा नुसता चिखल नसतो. त्यात शेण आणि मूत असतं. ते शिवणीत राहिलं की दोरा कुजतो आणि कातडं कडक होऊन चिरतं. इथले शेतकरी चामड्याचे बूट घालतात, पण गोठ्यात शिरताना वेलिंग्टन, म्हणजे उंच रबरी बूट, चढवतात आणि बाहेर आल्यावर बदलतात. माझ्या गाडीत दोन्ही असतात. तेव्हा चामड्याचे घ्या, पण फिरून आल्यावर नळाखाली ओल्या फडक्याने वेल्टची खाच साफ करायचा कंटाळा असेल तर घेऊ नका.

वहिनींसाठीही बघत असाल तर ट्रिकर्सचा स्टेफी म्हणजे बायकांच्या मापातला स्टोच. मी तोच वापरते. माझ्या घोट्याला पहिला हिवाळा जड गेला, आता मात्र दुसरं काही घालावंसं वाटत नाही.

नेनकाठ

वेन्स्लीडेलताई, शंभर टक्के. दुरुस्तीला आलेल्या जोड्यांत शेतावरच्या कुठल्या आणि गावातल्या कुठल्या, हे वेल्टच्या दोऱ्याकडे बघूनच कळतं. शेतावरच्यांचा दोरा नखाने निघतो.

निगेचं राहिलंच होतं. ओला बूट कधीही रेडिएटरजवळ ठेवू नका. कातड्यातलं तेल उडून ते बोटांच्या घडीवर चिरतं, आणि आतल्या तळव्याची कड बहुतेक बुटांत चिकटवलेली कापडी पट्टी असते, तिचा गोंद उष्णतेने सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला, आणि बूट आडवे ठेवा म्हणजे तळालाही हवा लागते. कोरडे झाले की लाकडी साचे घाला. एकच जोड रोज घालू नका, आतला घाम सुकायला मधे एक दिवस तरी द्या. डबिन, म्हणजे मेण आणि चरबीचं मलम, अधूनमधून चालेल, पण फार लावलं तर कातडं मऊ पडतं आणि रंग काळवंडतो. मी थोडं क्रीम लावून वर मेणाचं पॉलिश करतो.

ताम्हिणीचा पाऊस

मी पुण्याचा. दर पावसाळ्यात सह्याद्रीत फिरतो. हे बूट इकडे मागवले तर चालतील का? फोटो बघून मोह झालाय.

नेनकाठ

ट्रेकसाठी नको. आपल्या पावसात ते दिवसभर भिजतील आणि रात्रभरात वाळणार नाहीत, चार दिवसांत अस्तरावर बुरशी दिसेल. शेवाळलेल्या कातळावर आणि उभ्या घसाऱ्यावर तिकडचे लोक हंटर बूट घालतात तेच बरोबर आहे. हलके, वाकणारे, पाण्यातून बाहेर आले की निथळणारे. हा बूट थंड हवेसाठी, मऊ मातीसाठी आणि सावकाश वाळण्यासाठी घडलाय. डिसेंबरात महाबळेश्वरला नुसतं हिंडायचं असेल तर घाला खुशाल. तुमचं बाटाचं माप आणि इथलं माप साधारण सारखंच असतं, पण न घालता मागवू नका.

बेलपरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट झालं. सपाट पुढ्याचा, कमांडो तळाचा, रुंद मापाचा. दोन शंका राहिल्या. बर्फर्डची किंमत माझ्या आकड्याच्या वर जातेय. आणि ऑफिसातला एक सहकारी म्हणतो की इतक्या लांब कशाला, तुझ्या जवळच स्टोनी मिडलटनला विल्यम लेनन आहेत. त्यांच्याबद्दल काय मत?

नेनकाठ

सहकाऱ्याला माझा नमस्कार सांगा, त्याला कळतं. लेनन घराणं १८९९ पासून तिथे बूट करतंय, आसपासच्या खाणकामगारांच्या पायांसाठी. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकी बुटांसारखे, तळाला खिळे ठोकलेलेही ते बनवतात. नॉर्थॅम्प्टनची नजाकत तिथे शोधू नका. कातडं जाड आहे, काम सरळ आणि प्रामाणिक आहे. ऑफिसातही शोभावेत असा आग्रह नसेल तर आधी तिथेच जा, तुमच्या घरापासून तासाभराच्या आतली वाट आहे. फक्त खिळ्यांचा तळ घेऊ नका, ओल्या चुनखडीवर लोखंड म्हणजे बर्फावर चालणं.

ऑफिसलाही हवेच असतील तर कारखान्यांची दुकानं गाठा. ट्रिकर्सचं सेंट मायकल्स रोडवर, क्रॉकेटचं पेरी स्ट्रीटवर, दोन्ही नॉर्थॅम्प्टनमध्ये. चीनींचं डेस्बरोला, लोक बंधूंचं केटरिंगला. तिथे कमी प्रतीचे म्हणून बाजूला काढलेले जोड बऱ्याच कमी किमतीत मिळतात. खोट म्हणजे बहुधा कातड्यावरचा एखादा ओरखडा, काटेरी कुंपणाला गाय घासल्याची जुनी खूण, किंवा दोन बुटांच्या रंगातला थोडा फरक. चिखलात जाणाऱ्या बुटाला याचं काय? फक्त तीन गोष्टी तपासा. वेल्टचा टाका कुठे चुकलाय का, दोन्ही बूट सपाट फळीवर न डुगडुगता उभे राहतात का, आणि घडी पडते त्या जागेचं कातडं सैल, सुरकुतलेलं आहे का. यातलं काही दिसलं तर तो जोड सोडा.

निघण्याआधी फोन करून तुमच्या मापाचे, रुंद मापाचे जोड आहेत का ते विचारा. रुंद माप तिथे सगळ्यात आधी संपतं.