'निर्वाणा इन फायर'चा दुसरा भाग: पुढे बघत राहू का?

चैत्रपालवी

स्पॉयलर भरपूर आहेत. पहिला भाग पाहायचा असेल तर इथेच थांबा.

'निर्वाणा इन फायर' (२०१५) ही चिनी ऐतिहासिक मालिका मी आणि मावशीने मिळून पाहिली. तिला इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत बसायचे, आणि तरीही नायक मेई चांगसूची पुढची चाल तिला माझ्याआधी कळायची. ५४ एपिसोड संपले तेव्हा दोघींनाही चुकल्यासारखं झालं होतं.

आता २०१७ चा दुसरा भाग बघतोय. दिग्दर्शक तेच, कोंग शेंग आणि ली शुए. लेखिकाही हाय यानच. घोडे, बर्फ, चिलखतं, दिव्यांच्या उजेडातले महाल, सगळं आधीच्याच तोलाचं. ५० एपिसोडपैकी अर्ध्याहून जास्त झाले, थोरला भाऊ पिंगझांग गेला, आणि आम्ही थांबलोय. मावशी म्हणाली, "ही माणसं नुसती मार खातात गं." मला नेमकं तेच खुपत होतं.

सगळे म्हणतात पहिल्या भागातला मेई चांगसू, म्हणजे हू गे, नाही म्हणून रंगत नाही. मला ते पटत नाही. लिऊ हाओरानचा धाकटा भाऊ पिंगजिंग मला आवडतो, आणि ह्वांग शाओमिंगकडून मी एवढ्या शांत, पोक्त थोरल्या भावाची अपेक्षाच केली नव्हती. अडचण लिखाणात आहे. पहिल्या भागात गुपित आपल्या आणि नायकाच्या मध्ये होतं. ७०,००० च्या चियान सैन्याची कत्तल झाली, त्यातून लिन शू वाचला आणि चेहरा बदलून मेई चांगसू म्हणून राजधानीत परतला, हे आपल्याला ठाऊक, दरबाराला नाही. त्यामुळे खाऊच्या डब्यातसुद्धा जीव अडकायचा! राणी जिंग मुलाला हेझलनटची वडी देते, पण मेई चांगसूच्या डब्यात ती कधीच घालत नाही, कारण लिन शूला हेझलनट सोसत नसे. कुणी काही बोलत नाही. राजपुत्र जिंगयान दोन डब्यांकडे बघतो, आणि आपण श्वास रोखून बसतो.

दुसऱ्या भागात गुपितं सगळी शत्रूकडे. आधी सीमेवरच्या सैन्याची रसद नेणारी जहाजं बुडवली जातात, मग राजधानीत साथ पसरवली जाते, मग विषप्रयोग. प्रत्येक वेळी या भावांचं चांगलिन घराणं धावाधाव करून निस्तरतं. शूर आहेत, सज्जन आहेत, पण त्यांना काय हवंय? घर टिकावं, सीमा टिकावी, एवढंच. त्यात पिंगझांगसारखा भक्कम माणूस मध्येच नेला. धाकट्यासाठी त्याने जीव पणाला लावला तेव्हा मी रडले, पण पुढचा एपिसोड लावावासा वाटला नाही.

उरलेले एपिसोड पाहिलेल्यांनी सांगा, पुढे काही आहे का?

वाटसरू

आहे. तुम्ही ऐन वळणावर थांबलात.

तुम्हाला हवी ती गोष्ट दुसऱ्या अर्ध्यात आहे, पण ती शाओ युआनचीकडे आहे. पिंगजिंगचा तो हसरा चुलतभाऊ. मनात जुनी जखम, चेहऱ्यावर आज्ञाधारकपणा, आणि दरबारात एकेक पायरी वर. मेई चांगसू ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हा जातो, पण सूड घेता घेता स्वतःच सडत जातो. त्याचं आत्तापर्यंतचं काम जरा आठवून बघा, लहानसहान ठिकाणी त्याने किती नम्रपणे मान खाली घातली आहे.

आणि प्रधान शुन बाइशुईकडे नीट बघा. पहिल्या भागातला खलनायक शिया जियांग सरळ दुष्ट होता. हा तसा नाही. एवढी मोठी फौज एकाच घराण्याच्या शब्दावर चालते, ती उद्या बालराजावर उलटली तर, ही त्याची भीती खरी आहे. त्या भीतीपोटी तो चांगलिन सैन्याचं नाव मिटवतो आणि राज्य उघडं पाडतो. स्वच्छ राजा गादीवर बसला तरी संशय परत येतो, हे पहिल्या भागात सांगायला वावच नव्हता.

अबोली

चैत्रपालवी यांच्याशी सहमत, पण माझी निराशा निराळी आहे.

पुयांग यिंगचं मला फार वाईट वाटलं. त्याच्या येलिंगमध्ये साथ आली तेव्हा लियांगने, म्हणजे चांगलिन घराण्याच्याच राज्याने, सीमा बंद केली आणि त्याची सगळी माणसं आत मेली. तो राजधानीत साथ पसरवतो ते भयंकरच आहे, पण त्याचा प्रश्न खोटा नाही. पहिला भाग उभाच होता मेलेल्यांना न्याय मिळण्यावर. राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत राजकन्या लीयांग आपल्या नवऱ्याचा, कत्तलीच्या कटातल्या शिये यूचा, कबुलीजबाब वाचते, राजा ओरडतो, आणि एकेक दरबारी पुढे येऊन तिच्या बाजूने उभा राहतो, तो प्रसंग आठवा. ७०,००० माणसांची नावं धुतली गेली. येलिंगच्या मेलेल्यांसाठी असं कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. पुयांगला खलनायक ठरवून कथा पुढे निघून गेली, आणि याच लेखिकेने हे करावं याचा मला राग आहे.

तरी बघाच. नवरा पिंगझांग गेल्यानंतरची मेंग चिएनशुए चुकवू नका. वैद्य लिन शी आणि पिंगजिंगच्या चांदीच्या कुलपाचं प्रकरण पळवलंत तरी चालेल.

चैत्रपालवी

दोघांचेही मनापासून आभार. अबोली, तुमचं येलिंगबद्दलचं म्हणणं मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, टिंगशेंगला तरी ते कळायला हवं होतं. आणि खरंच आहे! पहिल्या भागात राजवाड्याच्या दासखान्यात खितपत पडलेला तो पोर. मेई चांगसूने त्याला आणि आणखी दोन मुलांना तयार करून बाइली चीसारख्या धिप्पाड योद्ध्याला हरवलं आणि तिथून सोडवलं. त्याचं सगळं घर अशाच एका खोट्या आरोपात संपलं होतं. तोच आता चांगलिन घराण्याचा प्रमुख, म्हातारा राजपुत्र आहे. सीमेपलीकडे मेलेल्यांविषयी त्याने चार वाक्यं मोकळेपणाने बोलायला हवी होती, मग मला हे घराणं नुसतं सज्जन न वाटता जवळचं वाटलं असतं.

वाटसरू, युआनचीचे आधीचे प्रसंग पुन्हा लावून बघते, मग पुढे जाते. मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला तो मुलगा सुरुवातीपासून आवडतो.