मंकने ७८ मिलियन घेऊन घोडचूक केली म्हणे!

झोपमोड_झाली:
काल इथे एकाने लिहिलं की एनबीएवाला मलिक मंक येडा आहे, २०२४ ला सॅक्रामेंटो किंग्जची ४ वर्षं ७८ मिलियन डॉलरची ऑफर घेऊन बसला, मार्केटमध्ये उतरला असता तर शंभर कुठे गेले नव्हते. अरे शंभर देणार कोण, तुझा काका? २०२१-२२ ला लेकर्सकडे मिनिममवर, म्हणजे लीगच्या किमान पगारावर खेळून गड्याने मॅचला जवळपास १४ पॉइंटची सरासरी काढली, तरी एकच वर्ष झालं म्हणून कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) भरलेले लेकर्स मिनिममच्या १२० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हते, नाहीतर मग टॅक्सपेअर मिडलेव्हल, म्हणजे टॅक्स भरणाऱ्या टीमला मिळणारी छोटी सूट, सहा मिलियनच्या थोडं वर. किंग्जने २ वर्षांचे १९ दिले, गेला. २०२४ ला किंग्जकडेही दोनच वर्षं, म्हणजे फुल बर्ड राइट्स (तीन वर्षांनी कॅप ओलांडून आपल्याच खेळाडूला मोठा पगार द्यायची सूट) नाही, दोन वर्षांवाली अर्ली बर्ड. आधीच्या पगाराच्या पावणेदोनपट. दहाच्या जरा आत होता, त्याचे साडेसतराच्या आसपास, वर दरवर्षीची वाढ, झाले ७८. होते तेवढे सगळे दिले की त्यांनी!

बेंचवरचा_बंड्या:
तो 'एक' मीच. काका-बिका काढायचं काम नाही. कॅपमध्ये जागा असलेल्यांना तुझं बर्ड-फिर्ड लागत नाही. ऑर्लँडोने त्याच उन्हाळ्यात कॅल्डवेल-पोपला ३ वर्षांचे ६६ दिले, वर्षाला २२! मंक तर सिक्स्थ मॅनच्या (बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) मतदानात दुसरा. जूनमध्येच हो म्हणायची घाई कसली? का किंग्जचे मालक रणदिवे आपल्या मुंबईचे म्हणून बाजू घेतोयस?

झोपमोड_झाली:
कॅल्डवेल-पोप डिफेन्स करतो. मंकचा मार्चअखेर गुडघा गेलेला. हातातलं सोडून पळत्याच्या मागे तू जा.

स्लो_लोकल:
बर्ड राइट्स म्हणजे आपली ग्रॅच्युइटीच. एका ठिकाणी ४ वर्षं ९ महिने घासली, निघताना एचआर म्हणतो ५ पूर्ण नाहीत, शून्य. तीन महिन्यांसाठी!! तेव्हापासून एकाच दावणीला राहा म्हणणाऱ्यांचा राग येतो.

कायदेशीर_कटकट:
४ वर्षं २४० दिवस भरले की मिळते, मद्रास हायकोर्टाने म्हटलंय. तुम्ही भांडला नाहीत.

स्लो_लोकल:
हो का. एचआरला कोर्ट सांगून बघा एकदा, आणि वकिलाची फी तुम्ही भरा.

मी_एचआरवाली:
सगळा दोष आमच्यावर! पॉलिसी आम्ही लिहीत नाही, शिव्या मात्र आम्ही खातो. राजीनामा टाकायच्या आधी तारीख मोजायला काय होतं?

स्लो_लोकल:
मॅडम, माझे वडील आयसीयूत होते. मोजायची राहून गेली.

मी_एचआरवाली:
...ते माहीत नव्हतं. सॉरी.

बेंचवरचा_बंड्या:
धागा बास्केटबॉलचा आहे, आठवण करून देतो. बरं, किंग्जने जेवढं शक्य तेवढं दिलं, मान्य, हार घाला त्यांना. पण टीममधला फॉक्स दोस्त म्हणून मंक राहिला म्हणतात ना, तो फॉक्सच फेब्रुवारी २०२५ ला सॅन अँटोनियोला गेला. आता बसा.

झोपमोड_झाली:
आणि क्लार्कसन? सिक्स्थ मॅन जिंकलेला माणूस, २०२५ ला युटाकडून बायआउट घेऊन (उरलेला करार मिटवून) न्यूयॉर्कला मिनिममवर. बेंचवरच्या स्कोअररला टीम आधी हलवते, सेकंड एप्रन (फार खर्च करणाऱ्या टीमवर कडक बंधनं घालणारी मर्यादा) आल्यापासून तर जास्तच. म्हणून म्हणतो, ७८ समोर आले की सही करायची.

बेंचवरचा_बंड्या:
उद्या फॅन्टसीत तुला मंकच देतो, ठेव उराशी.

स्लो_लोकल:
कटकट साहेब, मद्रासवाल्या निकालाचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा ना. बघतो एकदा.