हवेतल्या वेटोळ्याचा चोक सर्व बँडवर का पुरत नाही

रेडिओ अँटेनाच्या कोअॅक्स केबलचे (मधली तार आणि तिच्याभोवती शील्ड असलेली केबल) आठ-दहा वेढे फीड पॉइंटपाशी, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, हवेत टांगले की चोक बलूनचे (शील्डच्या बाहेरच्या बाजूने वाहणारा नकोसा, म्हणजे कॉमन-मोड, प्रवाह अडवणाऱ्या घटकाचे) काम भागते, फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकची) गरजच नाही, असे म्हटले जाते. एखाद्या बँडपुरते (फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यापुरते) ते खरे ठरू शकते, पण अशा वेटोळ्याचा इंपीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) जवळजवळ पूर्णपणे रिअॅक्टिव्ह (ऊर्जा न खर्चता साठवून परत देणारा) असतो: स्वतःच्या रेझोनन्सच्या (अनुनादाच्या) फ्रिक्वेन्सीखाली इंडक्टिव्ह आणि त्याच्या वर, वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे, कपॅसिटिव्ह. केबलच्या शील्डची बाहेरची बाजू हीदेखील एक तारच आहे आणि तिची लांबी व अर्थिंग यांनुसार तिलाही स्वतःचा रिअॅक्टन्स असतो; वेटोळ्याचा आणि शील्डचा हे दोन रिअॅक्टन्स विरुद्ध चिन्हांचे, म्हणजे एक इंडक्टिव्ह तर दुसरा कपॅसिटिव्ह, निघाले तर ते एकमेकांना रद्द करतात आणि कॉमन-मोड प्रवाह कमी होण्याऐवजी चक्क वाढू शकतो. 31 क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइटवर गुंडाळलेल्या चोकचा इंपीडन्स एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) बराचसा रेझिस्टिव्ह (ऊर्जा उष्णतेत बदलणारा) असतो, आणि रेझिस्टन्स असा रद्द होत नाही. मोठ्या शक्तीवर तो चोक तापतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

माझ्या 7 मेगाहर्ट्झच्या डायपोलवर (दोन भुजांच्या तारेच्या अँटेनावर) वेटोळे लावलेले असताना एसडब्ल्यूआर (अँटेना व केबल यांचा मेळ दाखवणारे गुणोत्तर) उत्तम दिसत होता, तरी केबलवरून हात फिरवला की त्याच्या मापकाचा काटा हलायचा. त्याच जागी फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) केबलचे बारा वेढे घेतल्यावर ते थांबले आणि रिसीव्हरमधला खरखराटही उतरला. म्हणून चोकची पारख एसडब्ल्यूआरवरून न करता क्लॅम्प-ऑन आरएफ प्रवाहमापक केबलवरून सरकवून करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.